अकरावी चौकट

आमच्या केंद्राच्या व्हरांड्यात, जिन्याच्या डाव्या हाताला, एक चित्र लावलेलं आहे. रुंदी सव्वा मीटर, उंची त्याहून थोडी कमी. त्यात बारा चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकटीत एक जिवंत पेशी आहे: काळ्या पार्श्वभूमीवर केशरी तंतूंचं जाळं. चौथ्या चौकटीतल्या पेशीच्या वरच्या कडेला तंतूंची एक लहानशी गाठ आहे, शिंपल्यासारखी वळलेली. अकराव्या चौकटीत तशीच गाठ उजव्या कडेला आहे. चौथी चौकट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवली की अकरावी तयार होते. आठ वर्षांत हे कुणाच्याही लक्षात आलेलं नाही. माझ्या लक्षात येण्याचा प्रश्न नव्हता. ती मीच फिरवली होती.

केंद्र पाहायला पाहुणे आले की रत्नाताई त्यांना या चित्रापाशी थांबवतात. रत्नप्रभा मगदूम आमच्या पेशीसंवर्धन विभागात एकवीस वर्षं आहेत. पेशींना खाऊ घालणं, त्यांचं माध्यम बदलणं, त्या गोठवून ठेवणं, गोठवलेल्या कुपींची नोंदवही सांभाळणं, हे सगळं त्यांच्याकडे. पेशींना त्या "लेकरं" म्हणतात. "लेकरं उपाशी हाईत, मी सात वाजता येते," असा त्यांचा निरोप मिरजेत इतर कुठल्या कार्यालयात जात नसेल.

"ही अकरावी दिसते नव्हं," त्या पाहुण्यांना सांगतात, "ती मी."

पाहुणे हसतात. काही जण फोटो काढतात. मी तिथे असले तर जिना चढून वर जाते.

ती त्या नाहीत. चौथा नमुना माझ्या रक्ताचा होता.

पेशीच्या आत काय चाललं आहे ते तिला न मारता पाहायचं, हे माझं काम. तंतुकणिका म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. चालू भट्टीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋणभारित असते, हे सहसा नसतं. फरक सुमारे दीडशे मिलिव्होल्टचा. आकडा किरकोळ वाटतो, पण ज्या पटलाच्या दोन बाजूंना तो असतो त्याची जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढी आहे. तेवढ्या अंतरात इतका दाब म्हणजे वीज कोसळण्याआधी ढगाखाली असतो त्याहून जास्त. त्यामुळे धनभारित आणि चरबीत विरघळणारा रंगाचा रेणू पेशीत सोडला तर तो आपोआप या भट्ट्यांमध्ये ओढला जातो. भट्टी जितकी पेटलेली तितका रंग जास्त, आणि त्यावर प्रकाश टाकला की चमक जास्त.

अडचण अशी होती की असे बहुतेक रंग निळ्या-हिरव्या प्रकाशाने उजळत, आणि तो प्रकाश पेशीला भाजतो. आपण पाहत असतानाच ती मरते. मी सहा वर्षं एका जुन्या रंगाच्या रेणूत फेरफार करत होते. त्याच्या मधल्या कड्यातला ऑक्सिजनचा अणू काढून तिथे सिलिकॉन बसवला की तो तांबड्या प्रकाशाने उजळू लागतो, आणि तांबडा प्रकाश पेशीला सोसतो. मग शेपट्या बदलल्या, भार पसरवला, विषारीपणा कमी केला. त्र्याहत्तरावा रेणू जमला. त्याला आम्ही त्र्याहत्तरच म्हणत राहिलो. चित्रातला केशरी रंग नंतर दिलेला आहे. खरी चमक इतकी गडद तांबडी असते की डोळ्याला जेमतेम कळते.

पहिल्या चाचणीसाठी बारा निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. अशा वेळी प्रयोगशाळेतली माणसं आपल्याच बाह्या वर करतात. अकरावी बाही रत्नाताईंची होती.

त्यांच्या पांढऱ्या पेशी काळ्या राहिल्या. पूर्ण काळ्या नाहीत, पण इतरांच्या पाचव्या हिश्श्याएवढीच चमक.

ते पर्युषणाचे दिवस होते आणि रत्नाताईंचा उपास होता. "उपासामुळे फिकं आलं असेल," मी म्हणाले. मला तसं खरंच वाटलं होतं की काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, हे आता सांगता येत नाही.

"मग पारणं झाल्यावर देते की परत," त्या म्हणाल्या. "रक्ताला काय, हाय भरपूर."

पारण्यानंतर आठ दिवसांनी त्यांनी परत दिलं. परत तसंच. मी वहीत लिहिलं: नमुना ११, रंग धरला नाही, वगळला.

आमच्या कामात हे दर आठवड्याला घडतं. रंग जुना होतो, कुपीवर उजेड पडतो, कुणाचा हात चुकतो. पेशीने रंग धरला नाही तर ती पेशीची गोष्ट नसते, रंगवणाऱ्याची असते, असं आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. म्हणून न रंगलेल्या पेशी कुणी मोजत नाही. शोधनिबंधात आम्ही अकराच नमुने दाखवले आणि एक वगळल्याचं एका ओळीत लिहिलं. ते नियमात बसत होतं. चित्र व्हरांड्यासाठी आणि केंद्राच्या दिनदर्शिकेसाठी हवं होतं आणि अकरा चौकटी ओबडधोबड दिसत होत्या. संचालक डॉ. प्रभुणे म्हणाले, "बारा महिने, बारा पेशी. बघा काही जमतं का." मी जमवलं.

रत्नाताईंना दुसऱ्या वेळचा निकाल कुणी सांगितला नव्हता. त्यांनी दिनदर्शिका पाहिली, नोव्हेंबरच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे माझं ना वो मॅडम?" मी होकारार्थी मान हलवली. ती मान हलवणं हे माझं पहिलं खोटं. तेव्हा ते इतकं लहान होतं, की खोटं असं त्याला मनातसुद्धा कुणी म्हटलं नसतं.

तीन वर्षांनी त्र्याहत्तरवर आधारलेल्या चाचणीला मंजुरी मिळाली. तिचं नाव ऊर्जांक. बोटातून चार थेंब रक्त, एक बंद पेटी, बारा मिनिटं, आणि शून्य ते शंभर यातला एक आकडा. पेटीत माणूस नव्हता. रंग न धरलेल्या पेशी पाहून "वगळा" म्हणणारं कुणी नव्हतं. काळी पेशी दिसली की पेटी कमी आकडा देई, कारण विझलेली भट्टी आणि न रंगलेली भट्टी यांत तिला फरक करता येत नव्हता. तो करायला मीच तिला शिकवलं नव्हतं.

पुढचं सगळं लवकर झालं. तंतुकणिका फक्त आईकडून येतात. बापाच्या जवळजवळ शून्य. त्यामुळे चाचणी आधी प्रसूतिगृहांत गेली, मग लग्नाच्या स्थळांत. विवाह मंडळांच्या अर्जात "मातृ-ऊर्जांक" असा रकाना आला. बायका हळदीकुंकवाला एकमेकींना आकडे विचारू लागल्या. चाळिसाच्या खाली आकडा असलेल्या बाईला डॉक्टर शांतपणे सांगत की मूल हवं असेल तर बीज दुसऱ्या बाईचं घेतलेलं बरं. सल्लाच होता, सक्ती नव्हती. पण डॉक्टर आकडा कागदावर लिहून देत, आणि कागद सासरच्या हातात पडे.

मंजुरीनंतर सहा महिन्यांनी, चौदा मार्चला, मी अकराव्या नमुन्याची एक गोठवलेली कुपी बाहेर काढली. एका जुन्या लेखात एक निरीक्षण वाचलं होतं आणि ते मला सतावत होतं. काही माणसांच्या पेशींच्या पटलावर पंप असतात. परका रेणू आत आला की ते त्याला उचलून बाहेर टाकतात. हे त्यांचं मूळ काम, विषापासून संरक्षण. प्रश्न एवढाच होता की ते त्र्याहत्तरलाही बाहेर टाकत असतील का.

ताल चुकलेल्या हृदयासाठी पूर्वी सर्रास देत असत असं एक औषध आहे, ते हा पंप बंद करतं. मी त्याचा एक थेंब घातला आणि वीस मिनिटं थांबले.

रत्नाताईंच्या पेशी उजळल्या. माझ्यापेक्षा थोड्या जास्तच. त्यांच्या भट्ट्यांत काहीही कमी नव्हतं. त्यांच्या पेशी फक्त माझा रंग थुंकून टाकत होत्या.

मी डॉ. प्रभुण्यांकडे गेले. त्यांनी उजळलेल्या पेशींचं चित्र बराच वेळ पाहिलं.

"शंभरात किती जणांचं असं असेल?"

"तीन. अंदाजे."

"म्हणजे सत्त्याण्णवांचं बरोबर येतंय."

"सर, पण हे तीन..."

"हेमांगी, औषधाचा थेंब घालायचा म्हणजे पेटी बदलायची. पेटी बदलायची म्हणजे मंजुरी पहिल्यापासून. तोवर सगळं बंद ठेवायचं? पुढच्या आवृत्तीत घालू की." आणि मग, मी उठत असताना, "तुझं नाव आहे त्याच्यावर, माझं नाही. नीट विचार कर."

मी नीट विचार केला. विभागप्रमुखपदाचं पत्र त्याच महिन्यात आलं होतं. मी ती आकृती छापली, पाकिटात घातली आणि पाकीट टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात ठेवलं. पुढची आवृत्ती साडेचार वर्षांत निघाली नाही. दर वर्षी मार्चमध्ये मी ठरवत असे की आता पत्र लिहायचं. दर वर्षी मे महिना येई.

रत्नाताई गेल्या महिन्यात माझ्या खोलीत आल्या तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. त्या कधी दार लावत नाहीत.

"मॅडम, चेलनाचा आकडा आलाय."

चेलना त्यांची मुलगी. एकोणतीस वर्षांची, सांगलीच्या हळद तपासणी केंद्रात काम करते. लहानपणी शाळा सुटली की आमच्या प्रयोगशाळेत बसून गृहपाठ करायची.

"किती?"

"एकवीस." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट केला. "मग मी पण केला माझा. एकोणीस."

मी कागद पाहत राहिले. छपाई स्वच्छ होती. खाली पेटीचा क्रमांक आणि त्याखाली बारीक अक्षरात त्र्याहत्तरचा उल्लेख.

"दोन वर्षं झाली मॅडम, दिवस राहत नाहीत तिला. डॉक्टर म्हणतात कारण हेच. दुसरीचं बीज घ्या म्हणतात. सोळा तारखेला बोलवलंय, पुढच्या महिन्यात." त्यांनी कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "माझ्याकडनंच गेलं ना तिला?"

"रत्नाताई, तसं एकदम..."

"नाही, मी विचार केला सगळा. मला विज्ञान तुमच्याएवढं कळत नसलं तरी एकवीस वर्षं ऐकतेय की. माझं रक्त आधी चांगलं होतं. चित्रात आहेच की ते. पण पहिल्यांदा दिलं तेव्हा उपास होता, तर फिकं आलं. तुम्हीच म्हणालात तेव्हा. मग आठ दिवस जेवले, तर लखलखीत आलं." त्यांनी एकेक गोष्ट बोटावर मोजावी तशी सांगितली. "म्हणजे उपासानं विझतंय. मी बाराव्या वर्षापासनं करतेय. चेलना पोटात होती तेव्हाबी केले. आणि तिला आठव्या वर्षापासनं मीच बसवलं उपासाला. पहिला उपास केला तेव्हा मिरवणूक काढली होती तिची."

अनुमान बिनचूक होतं. दोन निरीक्षणं घेऊन त्यांतून निघेल तेवढाच निष्कर्ष त्यांनी काढला होता. दोन्ही निरीक्षणं मी दिलेली होती. एकाचं कारण खोटं होतं, दुसरं मुळातच खोटं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

"बघू," मी म्हणाले. "मी काहीतरी बघते."

"बघा की मॅडम. तुमचाच रंग हाय तो, तुम्हाला कळंल." त्यांनी कागदाची घडी घातली. "मी उपास सोडलेत. ह्या पर्युषणात मंदिरात गेले तर सगळ्या बायका विचारतात, रत्नाक्का, तब्येत बरी न्हाय का? काय सांगणार? मी जेवून आले असं सांगायची लाज वाटती."

त्या गेल्यावर मी खालचा खण उघडला. पाकीट होतं. मी खण बंद केला.

आठ तारखेला त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवतात, म्हणून मी साडेपाचलाच पोचले. आकडा आल्यापासून माहेरी आलेली चेलना स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

"या मॅडम. आई म्हणाली, मॅडम बघणार आहेत, म्हणून तुम्हाला गूळ-तूप जास्त."

"चेलने, गप," रत्नाताई म्हणाल्या.

"का गप? आई तुमच्या पेटीला देव मानते, मॅडम. मी नाही मानत." हात चालूच होते. "आमच्याकडे हळदीचा नमुना नाकारायचा तर कारण लिहावं लागतं. भेसळ, ओल, कीड, काहीतरी. आकडा कमी आला, नाकारा, असं नाही चालत. मी डॉक्टरांना विचारलं, एकवीस का? ते म्हणाले, एकवीस आहे म्हणून."

"आणि जावईबापू काय म्हणतात?" मी विचारलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

"तो म्हणतो तू म्हणशील ते. त्याची आई म्हणते, आमच्याकडे सगळे सत्तरच्या वर आहेत." चेलना हसली. "सत्तरच्या वर. आंब्याची पेटी असल्यासारखं." मग तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ माझ्याकडे केली. "घेऊ मी दुसरीचं बीज. मूल ते मूल. मला त्याचं काही नाही वाटत. पण आई रोज रात्री माझ्या उशाला येऊन बसते नि म्हणते, माझं चुकलं. ते मला नाही ऐकवत."

रत्नाताई पाणी भरायच्या निमित्ताने बाहेर गेल्या.

तिथेच सांगता आलं असतं. पण मी गाडीत बसेपर्यंत एक वेगळी योजना तयार झाली होती आणि ती इतकी सोयीची होती की मला तिची जवळजवळ आनंदाने खात्री पटली. प्रयोग पुन्हा करायचा. आजच्या तारखेने. त्यांच्या डोळ्यांदेखत. म्हणजे चेलना सोळा तारखेला जाणार नाही, रत्नाताईंच्या डोक्यावरचा भार उतरेल, आणि मी ती बाई असेन जिने चूक शोधून काढली. चूक शोधणाऱ्याला कुणी विचारत नाही की ती किती दिवस लपवली होती.

अकरा तारखेला सकाळी मी वहीचं नवं पान घेतलं. वर तारीख घातली आणि लिहिलं: प्रथम निरीक्षण. ते दोन शब्द लिहिताना अक्षर चांगलं आलं.

सूक्ष्मदर्शकाची खोली लहान आहे. काळा पडदा, एक लाल दिवा, सदतीस अंशांवर ठेवलेली काचेची पेटी. रत्नाताईंनी अकराव्या नमुन्याची शेवटची कुपी काढून आणली, कोमट पाण्यात धरून वितळवली, पेशी हळुवार धुतल्या. हात नेहमीसारखेच स्थिर होते. चेलना भिंतीला टेकून उभी होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

"ही तुमचीच," मी म्हणाले. "आठ वर्षांपूर्वीची. पारणं झाल्यानंतरची."

संगणकाच्या पडद्यावर पेशी आली. त्र्याहत्तर घालून अर्धा तास झाला होता. काळ्यावर राखाडी, तंतू जेमतेम.

"ही?" रत्नाताई पुढे वाकल्या. "ही कशी काय? ही तर पारण्यानंतरची म्हणता. ही चित्रातली..."

"थांबा जरा."

मी औषधाचा थेंब घातला आणि पंपाचं सांगितलं. परका रेणू, दारावरून बाहेर काढणं, विष. चेलनाने दोन प्रश्न विचारले, दोन्ही योग्य. मग वीस मिनिटं थांबायचं होतं. सातव्या-आठव्या मिनिटाला एका टोकाचे तंतू दिसू लागले. मग मधले. मग सगळी पेशी भरली, काठापर्यंत, आणि मी यंत्राची संवेदनशीलता उतरवली तरी पडदा उजळत राहिला.

रत्नाताईंनी तोंडावर हात ठेवला.

"आई," चेलना म्हणाली. "तुझं काही विझलेलं नाही." मग माझ्याकडे वळून, "म्हणजे माझंही?"

"तुझंही तसंच असणार. आजच तपासू. सोळा तारखेला जाऊ नकोस. मूल का राहत नाही याचं कारण दुसरं काही असेल, ते शोधता येईल. पण हे नाही."

"उपासामुळे नाही?" रत्नाताईंनी विचारलं.

"नाही. उपासाचा काही संबंध नाही."

त्या स्टुलावर बसल्या. रडल्या नाहीत. पदराने चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लेकरू बघा कसं पेटलंय." मग चेलनाला, "बघ गं, थुंकून टाकत होतं म्हणे रंग. तुझ्यासारखंच. कारलं तोंडात घातलं की."

चेलना मोठ्याने हसली. तिला हसताना इतक्या जवळून मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं. माझ्या मनात आलं, झालं. आता काही बोलायची गरज नाही. वहीत प्रथम निरीक्षण आहे. उद्या प्रभुण्यांना सांगू, पत्र जाईल, चाचणी थांबेल. सगळ्यांचं भलंच होईल.

"बरं, सही करा की मॅडम," रत्नाताई म्हणाल्या. कुपी काढली की नोंदवहीत सही लागते. हा नियम त्यांचाच आहे आणि तो त्या संचालकांनाही चुकवू देत नाहीत. त्यांनी वहीतलं या नमुन्याचं पान माझ्यापुढे धरलं, बोट ओळीवर ठेवलं. नमुना अकरा, कुपी चौथी, आजची तारीख.

त्याच्या वरची ओळ त्यांच्याच अक्षरात होती. नमुना अकरा, कुपी तिसरी, चौदा मार्च. पुढे माझी सही.

त्यांचंही बोट तिथे थांबलं.

"मागं पण काढली होती की एक," त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. त्या फक्त आठवत होत्या. "तेव्हा मी विचारलं, तर म्हणालात सहज बघायचंय. तेव्हा काय आलं होतं वो मॅडम?"

लाल दिव्यात वहीचं पान गुलाबी दिसत होतं. काही आलं नव्हतं, असं म्हणता येत होतं. कुपी खराब निघाली, रंग धरला नाही, वगळली. हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा लिहिलं आहे आणि ते कुणीही कधी तपासलेलं नाही. रत्नाताईंनी तर मुळीच तपासलं नसतं. त्यांनी बोट उचललं असतं आणि मी सही केली असती.

"हेच आलं होतं," मी म्हणाले.

"हेच म्हणजे?"

"असंच. पूर्ण उजळलेलं. मला तेव्हाच कळलं होतं, रत्नाताई. साडेचार वर्षांपूर्वी." आवाज इतका लहान आला की मला पुन्हा सांगावं लागलं. "आणि व्हरांड्यातली अकरावी चौकट तुमची नाही. ती मी आहे, फिरवलेली. तुमचं चित्र कधी लागलंच नाही. दोन्ही वेळा रंग धरला नव्हता, मी तुम्हाला वगळलं होतं. उपासाचं मी असंच म्हटलं होतं."

रत्नाताईंनी नोंदवही मिटली. मग उघडली, पान नीट केलं आणि आपल्या मांडीवर ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. आता पडद्याकडेही पाहत नव्हत्या.

"मागच्या महिन्यात मी आले होते तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "दार लावून."

"हो."

"तेव्हाबी माहीत होतं."

"हो."

भिंतीपाशी चेलना सरळ उभी राहिली. ती मघाशी हसत होती ते तिच्या चेहऱ्यावरून अजून पूर्ण गेलं नव्हतं, आणि तसल्या चेहऱ्याने तिने मला विचारलं, "किती जणींचं असं आलं असेल?"

"चार लाख चाचण्या झाल्या आहेत. शंभरात तीन."

तिने मनात हिशोब केला. मला दिसत होतं.

"बारा हजार," ती म्हणाली. "त्यांच्यातल्या काहींनी तर घेतलं असेल दुसरीचं बीज. काहींची लग्नं मोडली असतील. त्यांच्या आया बसल्या असतील अशाच, उशाला. त्यांना कोण सांगणार?"

मी वहीचं नवं पान पाहिलं. प्रथम निरीक्षण. पेन हातात होतंच. मी ते दोन शब्द खोडले आणि त्यावर चौदा मार्च लिहिलं, वर्षासकट. मग दोघींकडे पाहून, प्रत्येक शब्द त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले:

"मी सांगणार. चाचणी बंद करा, असं पत्र मी आज पाठवते. आणि कधीपासून माहीत होतं, तेही त्यात लिहिते."